तीस सेकंदांत बेस वाजत नाही

हा लेख तुम्ही बहुधा फोनवर वाचताय. त्याच फोनवर आत्ता एखादं आवडतं गाणं लावा, इअरफोन न घालता, आणि त्यातला बेस गिटार शोधा. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर ४१ हर्ट्झच्या आसपास कंप पावते. फोनचा तो बोटभर स्पीकर इतका खालचा आवाज काढूच शकत नाही. काहीशे हर्ट्झच्या खाली त्याचा जोर भराभर ओसरतो. तरीही बेस 'असल्यासारखा' वाटतो, कारण त्या सुराबरोबर निघणारे वरचे सूर, म्हणजे ८२, १२३, १६५ हर्ट्झ आणि त्यापुढचे, थोडेबहुत कानावर येतात आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा सूर मनानेच भरून काढतो. थोडक्यात, ज्या यंत्रावर आपण बेसचे व्हिडिओ बनवतो, बघतो आणि एकमेकांना पाठवतो, त्या यंत्राला बेस वाजवता येत नाही.

आणि तरी पहिलं कव्हर कसं करावं याचा जो सल्ला बाजारात फुकट वाटला जातो, तो सगळा याच यंत्राच्या सोयीचा आहे. गाण्यातला सगळ्यात भारी तुकडा निवड. पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी घडू दे. तीस सेकंदांच्या पुढे जाऊ नकोस. चुकलं तर तेवढंच परत वाजवून चिकटव. बेसचा आवाज मूळ गाण्याच्या वर काढ. मागे जांभळा दिवा लाव.

माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. घरी बेस शिकणाऱ्यानं पहिलं कव्हर पूर्ण गाण्याचं करावं. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या सुरापर्यंत एका दमात वाजवावं, कापू नये, जोडू नये, आणि जसं झालंय तसं माणसांना ऐकवावं. हा साधेपणाचा सोस नाही. बेस या वाद्याचं काम काय आहे, त्यातूनच हा आग्रह निघतो.

हे काम समजावून सांगायला आपल्याला लांब जावं लागत नाही. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची असते. गाणारा कुठेही हिंडून येवो, ती आपल्या जागी असते. मैफल संपल्यावर घरी जाताना तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पण ती मध्येच उतरली तर गवयाचा सगळा डोलारा डळमळतो. बेस हा बँडचा खर्ज आहे, फक्त तो एका जागी बसून राहत नाही. वरच्या सुरांचा अर्थ तो ठरवतो. गिटारवर सी मेजर वाजत असताना बेसनं खाली ए धरला, की तोच कॉर्ड कानाला ए मायनर सेव्हन लागतो. गिटारवाल्यानं बोटही हलवलेलं नसतं. शिवाय ड्रमच्या लाथेबरोबर पडून गाण्याची चाल तोच सांभाळतो. म्हणजे बेसवादकाचं मुख्य कसब टिकून राहण्याचं आहे. चमकण्याचं काम बँडमध्ये दुसऱ्यांकडे असतं.

उदाहरण घ्या. मायकल जॅक्सनचं 'बिली जीन', १९८२च्या 'थ्रिलर'मधलं. बेस लुई जॉन्सनचा. त्यातली मुख्य ओळ अवघ्या आठ स्वरांची आहे. चार दिवस नीट बसलं तर कुणालाही येईल. गाण्याची गती मिनिटाला ११७ ठोक्यांच्या आसपास, म्हणजे तीस सेकंदांत ती ओळ चौदा-पंधरा वेळा येते. तेवढी वाजवून रील टाकली की आपल्याला 'बिली जीन' येतं असं जाहीर होतं. पण गाणं जवळपास पाच मिनिटांचं आहे. दुसऱ्या मिनिटाला मनगट आखडायला लागतं. तिसऱ्या मिनिटाला मन भरकटतं आणि बोटं आपोआप पळायला लागतात. सूर संपवायचा तिथे संपत नाही, पुढच्या सुराच्या अंगावर सांडतो. कोरसला ओळ बदलते, आणि परत जुन्या ओळीवर येताना पाय घसरतो. बेस वाजवणं म्हणजे या सगळ्याला तोंड देणं. पहिल्या तीस सेकंदांत यातलं काहीच घडलेलं नसतं. पोळपाटावर पहिली पोळी गोल लाटता आली म्हणून वीस माणसांचा स्वयंपाक येतो असं घरात कुणी म्हणून तर बघा.

आता कुणी म्हणेल, पूर्ण गाणं नीट रेकॉर्ड करायला स्टुडिओ लागतो, आणि दोन खोल्यांच्या घरात ते कसं जमणार? इथे बेस आपल्या बाजूचा आहे. घरात रेकॉर्ड करायला इतकं सोयीचं वाद्य क्वचितच असेल. गाणं किंवा सतार माइकसमोर रेकॉर्ड करायची तर कुकरची शिट्टी, पंखा, शेजारच्यांचा ड्रिल, सगळं आत येतं. इलेक्ट्रिक बेसला माइक लागतच नाही. पिकअपमधला सिग्नल वायरीतून थेट इंटरफेसमध्ये आणि तिथून यूएसबीनं लॅपटॉपमध्ये जातो. अँप न लावलेला बेस घरातल्यांना जेमतेम ऐकू येतो. रात्री अकरा वाजता, कानाला हेडफोन लावून, झोपलेल्या आईच्या शेजारच्या खोलीत तुम्ही पूर्ण गाणं वाजवू शकता. आणि ही गरिबाची तडजोड समजू नका. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत साठच्या दशकात जेम्स जेमरसनचा बेस असाच थेट कन्सोलमध्ये जायचा.

लागणाऱ्या वस्तू मोजक्या आहेत. वाद्यासाठीचा इनपुट असलेला साधा इंटरफेस चार-पाच हजारांपासून मिळतो. हा इनपुट महत्त्वाचा, कारण साध्या माइक-इनपुटमध्ये पॅसिव्ह बेस खुपसला तर आवाज मुका होतो. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर साठ दिवस वापरून बघता येतं. मूळ गाण्यातून बेस काढून टाकायचा तर डिमक्स किंवा स्प्लीटरसारखी मुक्तस्रोत साधनं आहेत. त्याच्यावर आपला बेस वाजवायचा.

दोन गोष्टी मात्र कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. पहिली, ब्लूटूथ इअरबड्स बाजूला ठेवा. त्यांच्यातून आवाज कानापर्यंत पोचायला अनेकदा शंभर मिलिसेकंदांहून जास्त लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे तुम्ही अचूक वाजवाल आणि ऐकताना सगळं घसरलेलं वाटेल. वायरचा हेडफोन घ्या आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा. दुसरी, रेकॉर्डिंगमध्ये सतत घूं ऐकू येत असेल तर वाद्याला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला येणारा जी ४९ हर्ट्झचा. अर्थिंग धड नसलेलं घर तुमच्याबरोबर फुकटात खालचा जी वाजवत बसतं.

एवढं झालं की सबबी संपतात. आणखी महागडी वायर, आणखी प्लगइन, नवा बेस, हे सगळं न वाजवण्याचे प्रतिष्ठित मार्ग आहेत. इंजिनिअर लोकांना ते विशेष आवडतात, कारण तुलना करण्यात आणि सेटअप लावण्यात आपला हातखंडा असतो.

आता मुद्दा कापण्याचा. चुकलेला सूर उचलून दुसऱ्या टेकमधला बरोबर सूर तिथे बसवणं, किंवा सगळेच सूर माउसनं ग्रिडवर नेऊन ठेवणं, आज पाच मिनिटांचं काम आहे. "मोठे लोकही एडिट करतातच की," असं लगेच ऐकवलं जातं. करतात. त्यांना विकायचा माल बनवायचा असतो, आणि तो बनवणाऱ्याला वाजवता येतं हे आधीच सिद्ध झालेलं असतं. पहिल्या कव्हरचं काम वेगळं आहे. आपण आज कुठे उभे आहोत हे त्यातून आपल्याला कळायला हवं. माझ्या नोकरीत टेस्ट फेल झाली की कोड दुरुस्त करतात. टेस्टच बदलून हिरवी करणाऱ्याला कुणी हुशार म्हणत नाही. पुढच्या आठवड्यात तेच बिंग रात्री दोन वाजता फुटतं आणि भलत्याच माणसाला उठून बसावं लागतं. कव्हरमधले सूर कापून सरळ करणं म्हणजे टेस्ट बदलणं आहे. फाइल हिरवी होते, हात होता तिथेच राहतो.

यातून आणखी एक वाईट गोष्ट होते. कापलेलं कव्हर बघणारा दुसरा नवशिका असतो. त्याला वाटतं सहा महिन्यांत सगळ्यांना असं वाजवता येतं, फक्त मलाच येत नाही. माझा एक मित्र तीन वर्षं नेमानं बेस वाजवत होता. त्याच्या लॅपटॉपवर अर्धवट कव्हरांचं एक फोल्डर होतं, चाळीसएक फायलींचं. त्यातलं एकही कुणी ऐकलं नव्हतं, कारण प्रत्येकात काही ना काही कमी होतं. कशाच्या तुलनेत कमी, हे विचारलं की तो फोन पुढे करायचा. मागच्या वर्षी त्यानं बेस विकला. वाईट वाजवायचा म्हणून विकला असता तर मी समजू शकलो असतो. तो बरा वाजवायचा. त्याला नवशिक्यांचे खरे आवाज कधी ऐकायलाच मिळाले नाहीत, म्हणून आपला आवाज चारचौघांसारखाच आहे हे त्याला कळलं नाही.

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही दमदार आहेत.

पहिला जुन्या वळणाचा. तयारी झाल्याशिवाय लोकांसमोर बसू नये; आधी रियाज, मग मंच. शास्त्रीय संगीतात गुरूच्या परवानगीशिवाय शिष्य गात नसे, आणि त्या शिस्तीतून केवढे लोक घडले. या परंपरेबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण तिथे मंच लांब ठेवता येत होता, कारण रोज ऐकणारा कान घरातच होता. गुरू समोर बसून दिवसातून दहा वेळा थांबवायचा. आपण व्हिडिओ बघून शिकणारी माणसं. आपल्याला कुणी थांबवत नाही. व्हिडिओतला मास्तर कितीही चांगला असला तरी त्याला आपलं वाजवणं ऐकू येत नाही. अशा माणसाला 'आधी तयार हो' असं सांगणं म्हणजे आरसा न देता भांग पाडायला सांगणं. आपल्यासाठी रेकॉर्डिंग आणि ते ऐकणारी चार माणसं मिळून गुरूच्या कानाचं थोडंफार काम करतात.

शिवाय नवशिक्यानं लपून राहावं ही आपली एकमेव परंपरा नाहीच. दिंडीत टाळ हातात घ्यायला परीक्षा द्यावी लागत नाही. नवखा मागच्या रांगेत उभा राहतो, पुढच्याचे हात बघतो, आणि चालता चालता त्याला ठेका सापडतो. ढोल-ताशा पथकात पावसाळ्यात सरावाला आलेली पोरं त्याच गणपतीत हजारो लोकांसमोर ढोल वाजवतात. सरकारची हौशी नाट्य स्पर्धा कित्येक दशकं चालू आहे. शाळेत, बँकेत, तालुक्याच्या कचेरीत नोकरी करणारी माणसं संध्याकाळी तालमी करून अख्खं नाटक उभं करतात. एखाद्याचं वाक्य अडखळतं, मागचा पडदा वेळेवर सरकत नाही, नाटक चालू राहतं. तुमच्या नाटकातला सगळ्यात भारी अर्धा मिनिट तेवढा दाखवा, असं त्यांना कुणी म्हणत नाही. मराठीत हौशी ही अजून तरी शिवी झालेली नाही. हातात गिटार आली की मात्र आपण अचानक हौशी राहायला लाजतो. एकतर कलाकार व्हायचं, नाहीतर प्रेक्षक. मधली सगळी जमीन विकून टाकायची.

दुसरा आक्षेप नव्या वळणाचा. लोकांचा वेळ मौल्यवान आहे. कच्चं वाजवणं त्यांच्या माथी का मारायचं? जगात आधीच कमी गोंगाट आहे का? याला माझं उत्तर असं, की कच्चं आणि गलथान यांत फरक आहे. तारा सुरात न लावता वाजवणं गलथानपणा आहे. ट्यूनर फोनमध्ये फुकट मिळतो, त्यामुळे त्याला माफी नाही. गाण्याची रचना पाठ न करता बसणं गलथानपणा आहे. पण तारा लावलेल्या, रचना पाठ, आणि तरी तिसऱ्या मिनिटाला लय जरा पळाली, याला शिकणं म्हणतात. त्यात बेसची आणखी एक कृपा आहे. लिओ फेंडरनं १९५१ साली बाजारात आणलेल्या बेसचं नाव 'प्रिसिजन' होतं, कारण फ्रेट न लावलेल्या उभ्या डबल बेसवर सूर शोधावा लागतो आणि फ्रेट लावले की तो नेमका सापडतो. त्यामुळे तारा लावलेल्या असतील तर नवशिका बेसवाला सहसा बेसूर होत नाही. त्याची चूक बहुतेक वेळा वेळेची असते. मूळ गाणं बरोबर चालू असताना ती ऐकणाऱ्याला छळतही नाही. वाजवणाऱ्याला मात्र ऐकताना लख्ख कळते.

आणि ऐकवायचं म्हणजे गावभर दवंडी पिटायची असं नाही. लिंक असेल त्यालाच दिसेल असा व्हिडिओ टाका. तीन माणसांना पाठवा: एक वाजवणारा, एक नुसता ऐकणारा, आणि एक तुमच्यावर हसण्याइतका जवळचा. त्यांना 'कसं वाटलं' विचारू नका, त्याला 'भारी रे' यापलीकडे उत्तर नाही. 'कुठे पळालो?' एवढंच विचारा. पण पाठवाच. लाल बटण दाबल्यावर आणि दुसरं माणूस ऐकणार आहे हे माहीत असताना हात जसा वागतो, तसा तो एरवी कधीच वागत नाही. त्या हाताशी ओळख व्हायला हवी.

आता ज्यांची गाणी आपण वाजवतो त्यांच्याविषयी. मोटाउनच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत जेमरसनचा बेस आहे. तार तो एकाच बोटानं, तर्जनीनं, छेडायचा. पण त्याचं नाव तबकडीच्या वेष्टनावर नसायचं. मोटाउननं त्याचं नाव छापलं ते १९७१मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर. आपल्याकडे तर विचारूच नका. मुंबईच्या सिनेसंगीतात किती गोवेकर वादकांनी आयुष्यं घातली! ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओंत सगळा वाद्यवृंद आणि गायक एकदम रेकॉर्ड व्हायचे. एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. तबकडीवर मात्र नावं गायकाची, संगीतकाराची, गीतकाराची. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांवर जीव टाकणाऱ्या किती जणांना त्यांच्यासाठी बेस वाजवणारे टोनी वाझ माहीत आहेत? म्हणून कव्हर टाकताना खाली आपल्या इंटरफेसचं मॉडेल लिहिण्याआधी मूळ बेसवादकाचं नाव शोधून लिहा. सापडलं नाही तर 'नाव मिळालं नाही' असं लिहा. ती एक ओळसुद्धा त्या वादकाच्या बाजूनं घातलेली दाद आहे.

इथे कुणीतरी कॉपीराइटची आठवण करून देईल. यूट्यूबचं कंटेंट आयडी मूळ गाण्याचा माग काढतं आणि त्यावर वाजवलेल्या व्हिडिओवर क्लेम येतो. क्लेम आणि स्ट्राइक वेगळे. क्लेममध्ये सहसा जाहिरातीचे पैसे हक्कधारकाला जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो; खात्याला शिक्षा होते ती स्ट्राइकनं. आपला कायदा या बाबतीत मजेशीर आहे. कव्हर व्हर्जनसाठी २०१२च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ३१ सी आलं. त्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांसमोर कॅसेटचा कारखानदार आहे. पलंगावर मांडी घालून वाजवणारी मुलगी त्याला दिसलेलीच नाही. दुसरीकडे रील्सच्या संगीत-पेटीतून गाण्याचा तुकडा आयता मिळतो. पूर्ण गाणं वाजवलं तर क्लेमची धास्ती, तुकडा वाजवला तर स्वागत, अशी ही रचना आहे. तुकडे करण्याची सवय आपल्याला आवडीनं लागली असं समजू नका, ती लावली गेली आहे. गाणारा-वाजवणारा हौशी माणूस डोळ्यांसमोर ठेवून कायदा आणि कंपन्या दोघांनीही नियम करायला हवेत, आणि ही मागणी आपण मोठ्यानं करायला हवी. तोवर क्लेम आला तर येऊ द्या. आपल्याला त्यातून पैसे मिळवायचेच नाहीत.

पैशाचा विषय शेवटी येतोच. ऑफिसात कुणाला कळलं की तुम्ही बेस वाजवता, तर दुसरा प्रश्न ठरलेला असतो: चॅनल काढलंस का? आमच्या पिढीला छंद आणि जोडधंदा यांतली भिंत दिसेनाशी झालीय. दिवसभर आमचं सगळं मोजलं जातं. किती टिकिटं बंद केली, किती वेळ ऑनलाइन होतो, वर्षअखेरीस कुठल्या रकान्यात बसलो. घरी आल्यावर एक तास तरी असा हवा ज्याचा आलेख कुणी काढणार नाही. तोच तास आम्ही व्ह्यूजच्या हवाली करतो आणि मग छंदानंही थकवा येतो म्हणून हळहळतो. शिवाय आता निर्दोष बेस लाइन हवी असेल तर चार शब्द टाइप करा, यंत्र ती बनवून देतं. निर्दोषपणा फुकट झालाय. उद्या कुणी तुमचं कव्हर ऐकलं तर ते तुम्ही वाजवलं आहे म्हणूनच ऐकेल. ग्रिडवर बसवून त्यातले तुम्हीच पुसून टाकलेत, तर ऐकण्यासारखं उरलं काय?

तेव्हा या शनिवारी एक गाणं निवडा. कमी स्वरांचं, आवडीचं, चार मिनिटांचं. स्लॅप आणि सोलो राहू देत. आठवडाभर ते रोज पूर्ण वाजवा, शेवटपर्यंत. पुढच्या शनिवारी तारा लावा, चार्जर काढा, वायरचा हेडफोन घाला. फोन समोर ठेवा आणि सुरू करण्याआधी एक टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायला सोपं जाईल. एका संध्याकाळी तीनच टेक घ्या, चौथा नाही. त्यातला जो सगळ्यात कमी पळाला असेल तो ठेवा. अर्ध्यावर चुकलात तर थांबू नका. बेस थांबला की बँड पडतो, आणि ही सवय आत्ताच लागायला हवी. मूळ वादकाचं नाव लिहा, तीन माणसांना पाठवा, आणि कुठे पळालात ते वहीत टिपून ठेवा. फोनवर ऐकणाऱ्यांना मात्र आधीच सांगा: इअरफोन घाला, नाहीतर मी वाजवलंय ते तुम्हाला ऐकूच येणार नाही.

रविवारी दुसरं गाणं घ्या.